कॉन्वीचा किल्ला कसा पाहावा : उत्तर वेल्समधल्या एका दिवसाचं सविस्तर नियोजन

उत्तर वेल्समध्ये एकच किल्ला पाहण्याइतका वेळ असेल तर कॉन्वी निवडा. कर्नार्वन जास्त भव्य आहे, बोमॅरिसची आखणी जास्त काटेकोर आहे, हार्लेखची कड्यावरची जागा बघून तर छाती दडपते. हे चारही किल्ले इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने बांधले आणि 1986 मध्ये युनेस्कोने त्यांना एकत्रच जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. तरीही पहिला मान मी कॉन्वीला देते. इथे किल्ल्याबरोबर त्याच वेळी बांधलेला गावाचा तट आजही जवळपास पूर्ण उभा आहे, आणि त्यावर चढून चालता येतं.

बहुतेक लोक गाडी लावतात, तिकीट काढतात, दोन बुरुज चढतात, फोटो काढून तासाभरात बाहेर पडतात. असं करू नका. कॉन्वीचा किल्ला एकटा पाहिला तर तो फक्त देखणा वाटतो. नदी, पूल, किल्ला, गावाचा तट या क्रमाने पाहिला तर तो कोणाविरुद्ध आणि कशासाठी उभा केला हे पायाखाली कळत जातं. सह्याद्रीतले गड फिरलेल्या माणसाला बुरुज, चर्या, जंग्या नव्या नाहीत. नजर तयार असते, फक्त योग्य बाजूने सुरुवात करायला हवी.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पाहणं अर्धवट

1282 च्या डिसेंबरात वेल्सचा राजपुत्र ल्यूएलिन आप ग्रिफिथ लढाईत मारला गेला. तीनच महिन्यांनी, मार्च 1283 मध्ये, एडवर्ड कॉन्वीला आला. त्या जागी तेव्हा सिस्टर्शियन साधूंचा मठ होता, आणि ल्यूएलिन द ग्रेट म्हणून ओळखला जाणारा ग्विनेथचा, म्हणजे उत्तर वेल्समधल्या राज्याचा, सर्वांत थोर राजा त्याच मठात पुरलेला होता. एडवर्डने मठ नदीच्या वरच्या अंगाला मेनन इथे हलवला आणि त्या जागेवर स्वतःचं गाव वसवलं. हरलेल्या लोकांच्या मनातली सर्वांत पवित्र जागा त्याने ठरवून घेतली. गावात इंग्रज वसाहतकार आणून बसवले. त्यांना तट हवा होता, आणि तटाला किल्ला.

बांधकामाची सूत्रं होती आल्प्स पर्वतातल्या सॅव्हॉय प्रांतातून आलेल्या मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज या स्थपतीकडे. 1283 ते 1287 अशा अवघ्या चारेक वर्षांत मुख्य काम उरकलं. हंगामात पंधराशेपर्यंत माणसं राबत होती. किल्ला आणि तट मिळून सुमारे 15,000 पौंड खर्च आला. त्या काळी ही रक्कम एखाद्या राज्याचं कंबरडं मोडायला पुरेशी होती.

कधी जायचं

मे, जून आणि सप्टेंबर हे सर्वांत चांगले महिने. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे किल्ला बंद झाल्यावरही तट आणि धक्का निवांत फिरता येतो. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टभर तिथल्या शाळांना सुट्टी असते आणि बुरुजांच्या अरुंद जिन्यांवर वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर अडकतात. हिवाळ्यात गर्दी नसते, पण दिवस चारच्या सुमारास मावळतो आणि किल्ल्याच्या वेळाही आखडतात. नाताळच्या दिवसांत आणि 1 जानेवारीला किल्ला बंद असतो. जोराचा वारा असेल तर वरचे भाग बंद ठेवतात, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी कादू या वेल्श सरकारच्या वारसा संस्थेच्या संकेतस्थळावर नजर टाका. वेळा आणि तिकिटाचे दर तिथेच ताजे मिळतात.

आणखी एक गोष्ट बघून जा, जी फारसं कोणी सांगत नाही: भरतीची वेळ. कॉन्वी नदी इथे समुद्राला मिळते आणि भरती-ओहोटीचा फरक मोठा आहे. ओहोटीला किल्ल्यासमोर चिखल आणि कलंडलेल्या होड्या दिसतात. भरतीला पाणी पार खडकाला लागतं, आणि तेराव्या शतकात गलबतं कुठवर येत असतील हे वेगळं सांगावं लागत नाही. शक्यतो भरतीच्या आसपास पोहोचा.

कसं पोहोचायचं

भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा पर्यटक व्हिसा लागतो. वेल्ससाठी वेगळं काही नाही. इंग्लंडमधून वेल्समध्ये शिरताना कुठे तपासणीही होत नाही.

वेल्स म्हटलं की अनेक जण कार्डिफला उतरतात आणि तिथून कॉन्वी एका दिवसात करू असं ठरवतात. तसं करू नका. कार्डिफ दक्षिणेला आहे आणि रेल्वेने कॉन्वीला एका बाजूलाच चार तासांहून जास्त लागतात. कार्डिफलाच मुक्काम असेल तर जवळचा केर्फिली किल्ला पाहा. 1268 मध्ये गिल्बर्ट द क्लेअरने सुरू केलेला, चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला आणि एक बुरुज कललेला. लोकल गाडीने वीसेक मिनिटांत होतो.

कॉन्वीसाठी खरा तळ म्हणजे मँचेस्टर, लिव्हरपूल किंवा चेस्टर. चेस्टरहून तासाभराचं अंतर आहे. लंडनच्या युस्टन स्थानकावरून होलीहेडच्या मार्गाने सव्वातीन तासांच्या आसपास लागतात, कधी थेट गाडी, कधी क्रू किंवा चेस्टरला बदलून. दिवसभराचा प्रवास जमतो, पण दमछाक होते. एक रात्र मुक्काम केलात तर संध्याकाळचा तट मिळतो. लांब पल्ल्याची तिकिटं आगाऊ काढली तर बरीच स्वस्त पडतात.

कॉन्वीचं स्वतःचं छोटं स्थानक तटाच्या आतच आहे. तिथे गाडी मागणीनुसार थांबते. उतरायचं असेल तर गाडीतल्या कर्मचाऱ्याला आधी सांगावं लागतं, आणि चढायचं असेल तर फलाटावर स्पष्ट दिसेल असा हात दाखवावा लागतो. पण जाताना तिथे उतरू नका. एक स्थानक अलीकडे, लॅन्डिड्नो जंक्शनला उतरा आणि चालत या. दीडेक किलोमीटर आहे, वीस-पंचवीस मिनिटं. वयस्कर मंडळी किंवा जड सामान बरोबर असेल तर टॅक्सी करा, पण पुलाच्या अलीकडच्या टोकाला सोडायला सांगा.

पहिला टप्पा : पुलावरून

नदीवर तीन पूल शेजारी शेजारी आहेत. मधला, नाजूक दिसणारा झुलता पूल थॉमस टेलफर्डचा, 1826 चा. त्याच्या खांबांना किल्ल्यासारखे बुरुज दिलेत. दक्षिणेकडचा लोखंडी नळकांडीसारखा रेल्वेपूल रॉबर्ट स्टीफन्सनचा, 1848 चा. उत्तरेकडून जाणारा रस्त्याचा पूल 1958 चा, आणि तुम्ही चालणार तो हाच. मुख्य महामार्गाची वाहतूक 1991 पासून नदीखालच्या बोगद्यातून जाते.

पुलाच्या मध्यावर थांबा. समोर लांबट, अरुंद खडकावर आठ बुरुज दिसतील. खडकच असा असल्यामुळे मास्टर जेम्सने इथे तटात तट अशी रचना केली नाही. हार्लेख आणि बोमॅरिसला ती आहे. इथे दोन चौक एकापुढे एक. आता बुरुजांच्या माथ्याकडे नीट बघा: तुमच्याकडच्या चार बुरुजांवर आणखी एकेक छोटा टेहळणी मनोरा आहे, पलीकडच्या चारांवर नाही. मनोरे असलेला भाग राजाचा, म्हणजे आपल्या भाषेत बालेकिल्ला. किल्ल्याची सगळी विभागणी बाहेरूनच वाचता येते ती एवढ्या एका फरकावरून.

भिंती आज करड्या दिसतात. मूळ किल्ला मात्र चुन्याने पांढरा केलेला होता. काही ठिकाणी त्याच्या खुणा अजून आहेत. या डोंगराळ मुलखात मैलोगणती लांबून तो झगझगीत पांढरा दिसावा, हाच हेतू होता. त्या वेळच्या वेल्श शेतकऱ्याच्या जागी उभं राहून क्षणभर बघा.

दुसरा टप्पा : आत शिरताना

तिकीटघर किल्ल्याला लागूनच आहे. सुट्टीच्या दिवसांत तिकीट ऑनलाइन काढलेलं बरं. आजूबाजूचे दोन-तीन किल्ले करणार असाल तर कादूचा एक्स्प्लोरर पास किंवा वार्षिक सभासदत्व यांचा हिशोब मांडून बघा. कुटुंब असेल तर बऱ्याचदा तेच परवडतं. स्वच्छतागृह आत शिरण्यापूर्वीच उरकून घ्या. मोठ्या पिशव्या मुक्कामावर ठेवा, कारण जिने गोल आणि इतके अरुंद की पाठीवरची बॅग भिंतीला घासते.

बूट चांगली पकड असलेले हवेत. दगडी पायऱ्या झिजून मध्ये खोलगट झाल्या आहेत आणि पावसात निसरड्या होतात. छत्री नेऊ नका, वारा ती ठेवत नाही. टोपीचं पावसाळी जाकीट न्या, उन्हाळ्यातसुद्धा. चाकाच्या खुर्चीने फारसं आत जाता येत नाही आणि बुरुज तर अशक्यच. गुडघे दुखत असतील तर चौक, दिवाणखाना आणि बाहेरून धक्क्याची बाजू एवढ्यावर समाधान माना, तेवढंही कमी नाही.

पश्चिम दरवाजाशी आलात की मान वर करा. दारावर तटाच्या माथ्यातून पुढे आलेले दगडी कंस आणि त्यांच्या मधली भोकं दिसतील. खाली दाराशी पोहोचलेल्या शत्रूवर वरून मारा करण्यासाठी ती ठेवलेली. ब्रिटनमध्ये दगडात टिकून राहिलेली ही अशी सर्वांत जुनी रचना मानतात. मूळ वाट गावातून उंच दगडी चढणीने आणि उचलत्या पुलावरून येत असे. म्हणजे गावातल्या इंग्रजालाही आत जाण्याआधी दोनदा थांबावं लागे.

तिसरा टप्पा : बाहेरचा चौक

पहिल्या चौकात उजव्या हाताला भलामोठा लांब दिवाणखाना आहे, साधारण 38 मीटर. खडकाच्या कडेने बांधल्यामुळे तो सरळ नाही, धनुष्यासारखा किंचित वाकलेला आहे. छत गेलं आहे, जमीन गेली आहे. आज तुम्ही तळघराच्या पातळीकडे पाहता. वरून आडवी जाणारी एक दगडी कमान तेवढी शाबूत आहे. 1340 च्या दशकात, ब्लॅक प्रिन्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंग्लंडच्या युवराजाच्या काळात, मूळचं लाकडी छत खराब झाल्यावर अशा कमानी घातल्या होत्या.

इथे दहा मिनिटं थांबून भिंती वाचायला शिका, पुढचा सगळा किल्ला सोपा होतो. ओळीने चौकोनी खाचा दिसल्या तर तिथे तुळया बसत होत्या, म्हणजे ती मजल्याची रेघ. हवेत लटकलेली चूल दिसली तर तिथे खोली होती. दोन्ही बाजूंना दगडी बाकं असलेली खिडकी म्हणजे राहण्याची जागा, सैनिकाची नव्हे. आणि बुरुजांच्या बाहेरच्या अंगाने तिरक्या चढत गेलेल्या बारीक भोकांची रांग ही बांधकामाच्या परांचीची आहे. परांची अशी गोल तिरकी चढवण्याची पद्धत सॅव्हॉयकडची, तीच इथे आली.

याच चौकातला तुरुंग बुरुज बघा. कोठडी खाली खोल दडवलेली आहे. चौकाच्या टोकाला, आतल्या दरवाजाच्या अलीकडे, 28 मीटर खोल विहीर आहे. किल्ल्यावरच्या नेमणुकीत माणसं किती होती? 1284 च्या हुकुमानुसार तीस. त्यांत पंधरा तिरंदाज, आणि बाकी पाद्री, सुतार, लोहार, पाथरवट असे कारागीर. एवढा मोठा किल्ला तीस माणसांत राखता येई, यात मास्टर जेम्सचं खरं कसब आहे.

चौथा टप्पा : राजाचा चौक आणि बुरुज

आतल्या चौकात राजा-राणीचे महाल वरच्या मजल्यावर होते. खिडक्यांच्या कोरीव चौकटींवरून ते लक्षात येतं. इथे घाई करू नका आणि चॅपेल बुरुज चुकवू नका. बुरुजाच्या जाड भिंतीत कोरल्यासारखं बसवलेलं छोटं, कमानदार छताचं प्रार्थनाघर आहे. सगळ्या किल्ल्यात जिथे अजून आतला भाव टिकून आहे अशी ही एक जागा.

1399 मध्ये इंग्लंडचा दुसरा रिचर्ड राजा आयर्लंडहून परतला तेव्हा त्याचं सैन्य पांगलेलं होतं आणि तो कॉन्वीत आसऱ्याला होता. नॉर्थंबरलंडचा अर्ल बोलणी करायला आला, राजाला काही अपाय होणार नाही अशी शपथ घेतली. रिचर्ड बाहेर पडला आणि वाटेतच पकडला गेला. त्याची गादी गेली ती इथून.

एडवर्ड स्वतःही इथे कोंडला गेला होता. 1294 च्या शेवटी माडोग आप ल्यूएलिनने उठाव केला तेव्हा हिवाळ्यात तो या भिंतींच्या आत अडकून पडला. पण उपासमारीने शरण जायची वेळ आली नाही, कारण रसद पाण्याने येऊ शकत होती. पूर्वेच्या टोकाला, राजाच्या चौकामागे, पुढे आलेली तटबंद गच्ची आहे. तिथूनच नदीकडे उतरणारी वाट होती. भरतीला पोहोचा असं म्हटलं ते यासाठी.

आता चढा. आठही बुरुज चढण्याची गरज नाही. वेळ आणि दम एकाचाच असेल तर राजाच्या चौकातला एखादा मनोऱ्याचा बुरुज निवडा. वर पूर्वेला तिन्ही पूल आणि खाडी, दक्षिणेला एरिरीचे डोंगर, पश्चिमेला गाव आणि त्याला कवेत घेणारा तट दिसतो. लहान मुलांचा हात जिन्यात आणि माथ्यावर सोडू नका.

पाचवा टप्पा : गावाचा तट

याला तिकीट नाही, आणि माझ्या मते हा दिवसाचा सर्वांत मोलाचा भाग. सुमारे 1.3 किलोमीटर लांबीचा तट, 21 बुरुज, तीन मूळ दरवाजे. वरून सलग पूर्ण फेरी होत नाही. मध्ये उतरून पुन्हा चढावं लागतं. काही ठिकाणी कठडा कमी आहे, तेव्हा उंचीची भीती वाटणाऱ्यांनी खालून समांतर चालावं.

पश्चिमेच्या सर्वांत उंच कोपऱ्यातल्या बुरुजापर्यंत नक्की जा. तिथून सगळं गाव उतरत किल्ल्यात जाऊन मिळतं, आणि दोन्ही एकाच हाताने आखलेत हे एका नजरेत पटतं. मिल गेटजवळच्या तटातून बाहेर आलेली बारा दगडी शौचकुपांची रांग पाहा. सातशे वर्षांपूर्वीची ही सोय लहान मुलांना सगळ्यांत जास्त आवडते. त्याच बाजूला तटात खिडक्या दिसतात. तटाला खिडक्या कशाला? हा वेल्श राजपुत्राच्या जुन्या वाड्याचा भाग तटात सामावून घेतला असं मानलं जातं. स्थानकाजवळ तट मोडून रेल्वे नेली आहे, पण तिथेही कमान मध्ययुगीन ढंगाची बांधली.

मग खाली उतरून सेंट मेरी चर्चला जा. जुन्या मठाचं जे काही उरलं ते या चर्चमध्ये आहे. 1401 च्या गुड फ्रायडेला किल्ल्यावरचे बहुतेक शिपाई गावातल्या या चर्चमध्ये प्रार्थनेला आलेले असताना इंग्रजांविरुद्ध उठलेला वेल्श नेता ओवेन ग्लिंडूर याचे नातलग रिस आणि ग्विलिम आप ट्यूडर या भावांच्या माणसांनी सुतार असल्याची बतावणी करून दरवाजा गाठला आणि किल्ला घेतला. पुढे वाटाघाटी होऊन तो परत द्यावा लागला. पण एवढ्या पैशांच्या, एवढ्या आखीव किल्ल्यात वेल्श माणसं शिरली ती भिंत फोडून नव्हे.

पोटपूजा आणि उरलेला वेळ

मांसाहारी असाल तर कॉन्वीचे शिंपले प्रसिद्ध आहेत. हंगाम थंडीतला, साधारण सप्टेंबर ते एप्रिल. शाकाहाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. वेल्श रेअरबिट म्हणजे चीज-टोस्ट, पण त्यात बिअर असते आणि अनेकदा वूस्टर सॉस, ज्यात मासे असतात. चिप्स मागताना त्या जनावराच्या चरबीत तळल्यात का ते विचारा; विचारायला संकोच नको, तिथे रोज कोणीतरी विचारतं. बारा ब्रिथ हा सुक्या मेव्याचा पाव चहाबरोबर छान लागतो, त्यात बहुधा अंडं असतं.

तासभर हाताशी असेल तर प्लास मौर बघा. रॉबर्ट विन या श्रीमंत वेल्श गृहस्थाचं 1576 ते 1585 मध्ये बांधलेलं घर, छतावरचं रंगीत गिलाव्याचं काम अप्रतिम. धक्क्यावरचं ब्रिटनमधलं सर्वांत लहान घर बाहेरून बघितलं तरी पुरतं.

दुसरा दिवस मिळाला तर

सर्वसाधारण सल्ला असतो की बँगरवरून कर्नार्वन किंवा बोमॅरिस करा. दोन्ही उत्तम आहेत. पण मी आधी डॉल्विथेलनला जाण्याचा आग्रह धरेन. तो ल्यूएलिन द ग्रेटने बांधलेला, वेल्श राजपुत्रांचा किल्ला आहे. उजाड टेकाडावर एक चौकोनी बुरुज आणि भोवती डोंगर. 1283 च्या जानेवारीत तो एडवर्डच्या हाती पडला आणि दोन महिन्यांनी राजा कॉन्वीत होता. माथ्यावरच्या चर्या एकोणिसाव्या शतकातल्या डागडुजीतल्या आहेत, एवढं ध्यानात ठेवा.

लॅन्डिड्नो जंक्शनहून कॉन्वी खोऱ्यातून ब्लानाय फेस्टिनियोगकडे जाणारी छोटी गाडी पकडा आणि डॉल्विथेलनला उतरा. तिथून किल्ला पायी दीडेक किलोमीटर. या मार्गावर दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत आणि काही स्थानकांवर इथेही हात दाखवूनच गाडी थांबते. त्यामुळे परतीच्या गाडीची वेळ आधी बघा, तिच्यावरून जाण्याची ठरवा, आणि पाण्याची बाटली व खाणं बरोबर घ्या.